ड्रॉवरमध्ये पडलेला छोटा म्युझिक प्लेयर: विकू, बदलू की वापरू?

ताई नमस्कार,

तुमचं सदर नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. विषय तसा छोटा आहे पण घरात त्यावरून रोज काहीतरी बोलणं होतं म्हणून लिहिते. काही महिन्यांपूर्वी मी एक स्वस्तातला म्युझिक प्लेयर घेतला, मुठीत मावेल एवढा, बटणांचा, छोटी स्क्रीन, आत ८ जीबी आणि वर कार्ड टाकायची सोय. कारण एकच, फोन हातात घेते गाणं लावायला आणि अर्ध्या तासाने लक्षात येतं की गाणं लावलंच नाही, मेसेज आणि रील्स बघत बसले. प्लेयर आला तेव्हा खूप आनंद झाला होता, आता तो ड्रॉवरमध्ये पडलाय. अ‍ॅपमधली डाउनलोड केलेली गाणी त्यात जातच नाहीत. जी दुसरीकडून जमवली ती नवऱ्याच्या मॅकवरून टाकली तर क्रम सगळा उलटासुलटा, नावांच्या जागी प्रश्नचिन्हं, आणि मध्येच अशा फाइली येतात ज्या वाजतच नाहीत, एरर दाखवून पुढे जातात. आईने म्हटलेली गाणी व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, मला तीच सगळ्यात जास्त हवी होती, ती तर प्लेयरवर दिसतसुद्धा नाहीत. ऑफिसमधला मित्र म्हणतो स्वस्त प्लेयरचा आवाज भंगारच असतो, घ्यायचा तर महागडा घे. नवरा म्हणतो एवढा चांगला फोन असताना हे खेळणं कशाला. आणि मुलगी, वय वर्षं १०, म्हणते तुला नको तर मला दे. मी काय करू? की मी उगाच हट्ट करतेय?

— गोंधळलेली

अगं गोंधळलेले,

आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. विकू नकोस, आणि महागडाही घेऊ नकोस, निदान आत्ता तरी नाहीच. तू लिहिलेल्या अडचणींपैकी एकही प्लेयर खराब असल्यामुळे आलेली नाही. उलट महागडा घेतलास तर यातल्या निम्म्या अडचणी त्या नव्या प्लेयरमध्येही तुझ्या मागे येतील. काही महागडे प्लेयर अँड्रॉइडवर चालतात, त्यांच्यात तुझं अ‍ॅप सरळ चालेल हे खरं, पण मग वायफाय आलं, नोटिफिकेशन आलं, आणि तू ज्याच्यापासून लांब पळत होतीस तेच परत दुसऱ्या खिशात येऊन बसलं.

आणि हट्ट वगैरे काही नाही हं. फोन हातात घेतला की गाणं राहून जातं हे तुझं तुला कळलं आणि त्यावर तू एक साधा, कमी खर्चाचा उपाय केलास, यात हट्ट कुठे आला? उपाय बरोबरच होता, फक्त तो अर्धाच झालाय. फोनवर ऐकताना कितीतरी कामं अ‍ॅप आपल्या नकळत करत असतं, गाणं शोधून आणणं, क्रम लावणं, नाव नीट दाखवणं, एक गाणं फार मोठ्याने आणि दुसरं फार हळू वाजणार नाही हे बघणं. या छोट्या प्लेयरमध्ये ते करणारं कोणी नाही. ते काम आता तुझं आहे, आणि ते अजून झालेलं नाही म्हणून तो ड्रॉवरमध्ये गेलाय. एखादी सुट्टीची दुपार या कामाला दे, एवढीच माझी मागणी आहे.

सुरुवात अ‍ॅपच्या गाण्यांपासून करू कारण तिथे आशा सोडून दिलेली बरी. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये आपण 'डाउनलोड' दाबतो तेव्हा फोनमध्ये जी फाइल येते ती कुलूपबंद असते, तिची किल्ली फक्त त्या अ‍ॅपकडे, आणि तीही तू सबस्क्रिप्शन भरते आहेस तोवरच. म्हणजे ती गाणी तुझ्याकडे आहेत असं वाटतं पण खरं तर तुला ती ऐकायला दिलेली आहेत. ती प्लेयरमध्ये नेण्याचे आडमार्ग कोणी सांगेल, त्या भानगडीत पडू नकोस. प्लेयरला लागतात साध्या, बिनकुलपाच्या फाइली. घरात जुन्या सीडी असतील तर त्या कॉम्प्युटरवर एमपीथ्रीत, म्हणजे गाणं कमी जागेत साठवणाऱ्या साध्या फाइलीत उतरवून घे, जुना सीडी ड्राइव्ह कोणाकडे तरी पडलेला असतोच. काही कलाकार आणि काही दुकानं ऑनलाइन एमपीथ्री विकतात, एकदा घेतली की ती फाइल तुझी. पुस्तकं ऐकायला आवडत असतील तर लिब्रिव्हॉक्स म्हणून एक प्रकल्प २००५ पासून चालू आहे, स्वयंसेवक कॉपीराइट संपलेली पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात आणि ती कोणालाही फुकट घेता येतात. पॉडकास्टचे भागसुद्धा बरेचदा सरळ एमपीथ्रीच असतात. एवढं जमवलंस तरी ८ जीबीतली बरीचशी जागा रिकामीच राहील, आणि ते चांगलंच आहे, का ते पुढे सांगते.

आता आईची गाणी. तुझ्या पत्रात ही ओळ वाचली आणि मला वाटलं बाकी सगळं बाजूला ठेवून हिला आधी हे सांगावं. ती गाणी प्लेयरवर दिसत नाहीत याचं कारण फार साधं आहे. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट ओपस नावाच्या प्रकारात साठवली जाते, फोनच्या रेकॉर्डरने केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा एमफोरए असतं, आणि स्वस्त प्लेयरपैकी पुष्कळांना यातलं काहीच कळत नाही. जी फाइल कळत नाही ती ते यादीत दाखवतच नाहीत, त्यामुळे आपल्याला वाटतं की ती कॉपीच झाली नाही. एमपीथ्री मात्र कुठलाही प्लेयर वाजवतो, त्या तंत्रज्ञानाची पेटंटं संपून २०१७ मध्ये त्याच्या लायसन्सची भानगडसुद्धा मिटली, त्यामुळे अगदी साध्यातल्या साध्या प्लेयरलाही ते येतं.

तर असं कर. त्या व्हॉइस नोट्स फोनवरून कॉम्प्युटरवर घे, व्हॉट्सअ‍ॅपमधून स्वतःलाच ईमेल केल्यास तरी चालेल. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाक. त्यात फाइल उघडलीस की निळ्या लाटांसारखं चित्र दिसेल, ते म्हणजे आईचा आवाज. ओपस फाइल उघडत नसेल तर आधी व्हीएलसी नावाच्या गाणी-व्हिडिओ वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कन्व्हर्ट' करून घे, तेही फुकट आहे. सुरुवातीला आई बहुतेक "झालं का चालू?" वगैरे विचारत असेल, शेवटी फोन खाली ठेवल्याचा खडखडाट असेल. खडखडाट काप हवं तर, पण माझं ऐकशील तर आईचं बोलणं कापू नकोस, ते राहू दे. आवाज फार बारीक आला असेल तर 'नॉर्मलाइझ' म्हणून एक पर्याय आहे तो वापर, सबंध गाणं एकसारखं वर उचललं जातं, त्यातला चढ-उतार तसाच राहतो. मग मोनोमध्ये (दोन्ही कानांना एकच आवाज), ९६ किंवा १२८ केबीपीएसला एमपीथ्री करून सेव्ह कर, केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवायची तो आकडा, जास्त आकडा म्हणजे मोठी फाइल, एका माणसाच्या आवाजाला त्याहून जास्त लागत नाही. आणि मूळ व्हॉइस नोट्स पुसू नकोस गं, त्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये आणि आणखी एका वेगळ्या जागी ठेव. प्लेयर हरवतो, बुडतो, धुण्यात जातो, तो कधीच एकमेव प्रत ठेवायची जागा नाही. फोनमधल्या चॅटवरही विसंबू नकोस, फोन बदलताना किती जणांच्या व्हॉइस नोट्स जातात ते आपण सगळेच बघतो.

आणखी एक, जमत असेल तर आईकडून ती गाणी पुन्हा एकदा नीट म्हणवून घे. पंखा बंद, दारं-खिडक्या लावलेल्या, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि टेबलवर मऊ कापडावर ठेवलेला. एवढ्यानेही आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता ते क्रमाचं आणि एररचं. एररवाल्या फाइली मॅकमुळे आहेत, तुझी काही चूक नाही. मॅकवरून पेन ड्राइव्ह, कार्ड किंवा असल्या प्लेयरवर कॉपी केलं की गाण्याच्या फाइलीसोबत बरेचदा एक छोटी लपलेली फाइल पण तयार होते, नाव तेच पण सुरुवातीला एक टिंब आणि खालची आडवी रेघ. मॅक स्वतः ती दाखवत नाही, पण प्लेयरला ती गाणं वाटते, वाजवायला जातो आणि अडखळतो. विंडोजवाल्या कॉम्प्युटरला प्लेयर जोडून लपलेल्या फाइली दाखवायला सांगितलंस की त्या सगळ्या दिसतील, त्या पुसून टाक, गाण्यांना काही होत नाही. मॅकवरच करायचं असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीत, डॉट-क्लीन (dot_clean) नावाची कमांड त्यासाठीच आहे, नवऱ्याला सांग, या निमित्ताने त्यांचाही थोडा हात लागू दे.

क्रमाच्या बाबतीत दोन प्रकारचे प्लेयर असतात. काही नावाप्रमाणे लावतात, तिथे १ नंतर १० येतं आणि मग २, म्हणून आकडे कायम ०१, ०२, ०३ असे दोन अंकी घालायचे. आणि काही अगदी साधे प्लेयर नाव बघतच नाहीत, फाइली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात, तुझा बहुधा तसाच आहे. अशा वेळी फोल्डरमधली सगळी गाणी प्लेयरवरून काढून टाक आणि एकेक करून हव्या त्या क्रमाने परत टाक, कारण एकदम निवडून टाकलीस तर कॉम्प्युटर त्याला सोयीच्या क्रमाने पाठवू शकतो. खूप गाणी असतील तर हे कंटाळवाणं होतं, त्यासाठी फॅटसॉर्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे तो कार्डावरचा क्रम नावाप्रमाणे लावून देतो. आणि प्लेयर काढताना 'इजेक्ट' केल्याशिवाय केबल ओढायची नाही, अर्धवट कॉपी झालेल्या फाइलीही अशाच अडखळतात आणि कधीकधी अख्खं कार्डच वाचता येत नाही.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात कारण बहुतेक स्वस्त प्लेयरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसतो, त्याला इलाज नाही, रोमन अक्षरात नावं लिही. आणि फाइलीचं नाव बदलूनही स्क्रीनवर जुनंच काहीतरी दिसलं तर समज की प्लेयर फाइलीचं नाव न वाचता फाइलीच्या आतली माहिती, म्हणजे टॅग वाचतोय, तो एमपीथ्रीटॅग नावाच्या प्रोग्रॅमने बदलता येतो. टॅगची जुनी पद्धत होती त्यात नावाला फक्त ३० अक्षरांची जागा असायची, काही प्लेयर अजूनही तेवढंच दाखवतात, म्हणून नाव आटोपशीर ठेव, गाण्याचं नाव आधी आणि गायकाचं नंतर.

हे सगळं एका दुपारचं काम. पण खरी गोष्ट याच्यानंतरची आहे आणि त्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

प्लेयर भरू नकोस.

८ जीबी म्हणजे किती ते बघ. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे ८ जीबीत १३० तासांच्या वर गाणी बसतात. १९९८ मध्ये रिओ पीएमपी३०० नावाचा प्लेयर आला होता, सुरुवातीच्या एमपीथ्री प्लेयरपैकी एक, त्यात ३२ एमबी जागा होती, म्हणजे याच हिशोबाने जेमतेम अर्धा तास. तो अर्धा तास निवडूनच भरावा लागायचा, काय ऐकायचं ते आधी ठरवावं लागायचं. मी असं म्हणत नाही की आपणही अर्ध्या तासावर यावं, पण जागा आहे म्हणून मिळेल ते सगळं ओतलं की होतं काय, तर हजार-दीड हजार गाण्यांच्या यादीत ते छोटं बटण दाबत दाबत आपण खाली जात राहतो, हवं ते सापडत नाही, शफल लावतो, शफल नेमकं नको ते गाणं लावतं, पुढे, पुढे, पुढे, आणि पाचव्या मिनिटाला हात आपोआप फोनकडे जातो कारण तिथे सर्च आहे. फोनसमोर हा प्लेयर इथेच हरतो, आणि त्याला इथे खेळवायचंच नाही.

म्हणून आधी फक्त ४०-५० गाणी टाक. अशी की त्यातलं कुठलंही लागलं तरी तुला पुढचं बटण दाबावंसं वाटणार नाही. तीन किंवा चार फोल्डर पुरे, आणि ते गायकांप्रमाणे किंवा सिनेमांप्रमाणे न करता तू कधी ऐकतेस त्याप्रमाणे कर, चालायला जातानाचा एक, घरातली कामं करतानाचा एक, झोपण्याआधीचा एक, आणि आईचा वेगळा. फोल्डर उघडला, पहिलं गाणं लावलं, स्क्रीन बंद झाली, प्लेयर खिशात गेला. बघायचं काहीच उरलं नाही. तुला नेमकं हेच हवं होतं ना? बटणांचा खरा फायदाही इथेच कळतो, आठवड्याभरात अंगठ्याला सवय होते आणि खिशातून न काढता आवाज कमी-जास्त, गाणं पुढे-मागे सगळं चाचपून करता येतं. होल्डचं बटण असेल तर ते लावत जा, नाहीतर खिशात आपोआप बटणं दाबली जाऊन काहीतरी भलतंच सुरू होतं.

दर महिन्याला दहा-बारा गाणी काढ आणि दहा-बारा नवी टाक. ती कुठून सुचणार? फोनवरूनच. नवीन काय आलंय ते ऐकून बघायला, कोणी सुचवलेलं चाळायला, एखादं विसरलेलं गाणं शब्दांवरून शोधायला फोनला तोड नाही, ते काम त्याच्याकडेच राहू दे. आवडलं, चार-पाच वेळा ऐकावंसं वाटलं, की त्याची फाइल रीतसर मिळव आणि प्लेयरवर टाक. यजमानांना हे असं सांगून बघ, फोन शोधायला आणि प्लेयर ऐकायला, मला वाटतं त्यांना पटेल. नाही पटलं तरी त्यावर वाद घालत बसू नकोस, काही दिवस तू निवांत ऐकताना दिसलीस की पुरे.

मित्राचं म्हणणं थोडं बरोबर आणि बरंच चूक आहे. स्वस्त प्लेयरमध्ये काही उणिवा असतात, शांत खोलीत बारीक 'स्स्स' ऐकू येतं, मोठे, जास्त ताकद लागणारे हेडफोन त्याला नीट पेलत नाहीत, एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये किंचित खंड पडतो जो सलग मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये टोचतो. पण रोज चालताना, प्रवासात, कामं करताना ऐकायला आवाजाचा दर्जा ठरतो तो आधी इअरफोनवर, मग फाइल कशी आहे त्यावर, आणि प्लेयरचा नंबर त्यानंतर. सोबत फुकट आलेले इअरफोन वापरत असशील तर ते आधी बदल, मध्यम प्रतीचे पण कानात नीट बसणारे घे, प्लेयरच बदलल्यासारखं वाटेल. फाइल १९२ केबीपीएसच्या आसपासची, नीट बनवलेली असली की बहुतेकांना ती आणि मूळ सीडी यांतला फरक कान देऊनही ओळखता येत नाही. हो, पण १२८ ची फाइल घेऊन तिला ३२० करण्यात अर्थ नाही, एकदा गेलेला आवाज परत येत नाही, फक्त जागा वाढते. ते रॉक, पॉप, बास नावाचे इक्वलायझर बंद करून 'नॉर्मल' ठेव, स्वस्त प्लेयरमध्ये त्यांनी आवाज फाटतो. आणि मित्राच्या महागड्या प्लेयरशी तुलना करायची झालीच तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घे, कारण जो जरा मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, भले भले यात फसतात.

बॅटरीचं थोडक्यात सांगते, कारण तुझा प्लेयर इतके दिवस ड्रॉवरमध्ये आहे आणि मला त्याची काळजी वाटतेय. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहिली तर कायमची खराब होऊ शकते, म्हणून आजच काढ आणि चार्जिंगला लाव. पुढे कधी बरेच दिवस वापरणार नसशील तर अर्धी चार्ज करून ठेव आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघ. टाइप-सी पोर्ट असून दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलने चार्ज होत नसेल तर तो बिघडला असं समजू नकोस, स्वस्त वस्तूंत त्या पोर्टमधले दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात म्हणून तसल्या चार्जरला कळतच नाही की पलीकडे कोणी आहे. एका बाजूला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लाव, चालू होईल. अडकून पडला, काहीच दाबलं जाईना, तर पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धर. मात्र पाठ फुगलेली दिसली, कव्हर वर उचललं गेलं, तर लगेच वापर थांबव, दाबून बसवायला जाऊ नकोस, चार्जिंगला लावू नकोस आणि ई-कचऱ्यात दे.

कार्ड घ्यायचं असेल तर ३२ जीबीपर्यंतचंच घे. कार्डावर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, त्याहून मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीने तयार केलेली येतात आणि साध्या प्लेयरला सहसा फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत वाचता येते. पण खरं सांगू, तुला कार्डाची गरजच नाही.

आता राहिली लेक, आणि इथे मी जरा कडक होणार आहे. तिने मागितला हे चांगलंच आहे, फोन सोडून दुसरं काहीतरी तिला हवंय म्हणजे आनंदच आहे. पण फोन निदान सांगतो तरी की आवाज फार वाढलाय, या आठवड्यात फार ऐकलं. स्वस्त प्लेयर बरेचदा काहीच सांगत नाही, आणि कानाचं नुकसान दुखत नाही म्हणून कळतही नाही, झालं की भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ऐकण्याच्या उपकरणांसाठी जो आंतरराष्ट्रीय मानदंड काढला त्यात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास अशी मर्यादा धरली आहे. आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे मोठ्यांना ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. आवाज जरासा वाढवला असं आपल्याला वाटतं पण कानाच्या हिशोबात केवढा फरक पडतो बघ.

घरी डेसिबल मोजत बसणं शक्य नाही, म्हणून शांत खोलीत बसून आवाज शून्यापासून वर आण आणि शब्द स्पष्ट कळायला लागले की थांब. स्क्रीनवर आकडा दिसेल, समज १२. तो तुझा आकडा. बाहेर गोंगाट असेल तरी तो फारसा ओलांडायचा नाही, ऐकू येत नसेल तर गाणं बंद. रस्त्यावर तर मी म्हणेन दोन्ही कान बंद करून चालूच नये, निदान एक कान गाड्यांसाठी मोकळा हवा. लेकीसाठी हीच चाचणी तिला शेजारी बसवून तिच्याच कानाने कर, तिचा आकडा बहुधा तुझ्यापेक्षा कमी येईल. सेटिंगमध्ये कमाल आवाज ठरवायची सोय असेल तर तिथेच अडकवून टाक. नसेल तर मुलांसाठी आवाजाला मर्यादा घातलेले हेडफोन मिळतात ते घे, पण घेतल्यावर आधी स्वतःच्या कानाला लावून पूर्ण आवाजात तपास, नुसत्या खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नकोस.

तुझा प्लेयर तिला देऊन टाकू नकोस, तो तुझा आहे, आत्ता कुठे सुरू होतोय. त्यात तिच्या नावाचा एक फोल्डर कर, गाणी तिलाच निवडू दे, ०१, ०२ घालायला तिलाच बसव, आणि संध्याकाळचा एक तास तिचा. महिन्या-दोन महिन्यांनीही ती रोज मागत असेल तर तिच्यासाठी असाच एक साधा, दुसरा घे.

— ताई